फेडू न देणारी

"भांडं रिकामं आनजो हं, पोरी."

डबा हातात देताना ती हे म्हणायचीच. आणि म्हणताना डबा सोडायची नाही. एका बाजूला तिचा हात, दुसऱ्या बाजूला आपला, आणि आपण "हो मावशी" म्हणेपर्यंत डबा मधेच अडकलेला. हो म्हटलं की सुटायचा.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे कोणी भांडं रिकामं परत देतं का? शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली, तर दुसरं काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून वाटी परत जाते. माझी आई याबाबतीत फार कडक. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली, पण कोणाची वाटी कोरडी परत केली नाही. "आपुन कोनाचं ठेवत नाई," हे आमच्या घरातलं वाक्य. त्याच वाक्यावर तिनं आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, आणि त्याच वाक्यावर मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले.

अशा घरासमोर ही बाई राहायला आली. चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात ती मेट्रन होती. वसतिगृह बंद पडलं, तेव्हा आवाराला लागून असलेली एक खोली तिला मिळाली. खोलीचं दार आमच्या ओट्यासमोर. सारी गल्ली तिला मेट्रनबाई म्हणायची. नाव मी लिहीत नाही. लिहिलं असतं तर तिनंच म्हटलं असतं, "माह्या नावानं कायचा उजेड पडनार हाय?"

पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून फोडणीच्या वरणाचा डबा आला. आईनं तो घासून, पुसून, आत गुळाचा खडा ठेवून परत केला. थोड्या वेळानं बाई गुळाचा खडा घेऊन आमच्या दारात.

"माय, हे तुह्यं माह्याकडं आलं."

आईचा चेहरा उतरला. आमचं घर बौद्ध. परत आलेल्या वस्तूचा अर्थ आमच्या घरात एकच लागतो, आणि तो अर्थ पिढ्यांनी शिकवलेला असतो. आई म्हणाली, "आमच्या हातचं चालत नसंन तुमाले."

बाईनं काय करावं? तिथंच ओट्यावर बसली, खडा दातानं फोडला आणि कडाकडा खाल्ला. वर विचारलं, "भाकर हाय का घरात? नुसता गूळ गोड मारते." आईनं भाकर दिली. ती खाता खाता म्हणाली, "तुह्या हातचं रोज खाईन, माय. वायलं, येगळं दे, वायलं खातो. पन माह्या डब्याच्या बदल्यात नको देऊ. देलं ते देलं. त्याचा बदला कायले?"

आई रात्री म्हणाली, "चांगली हाय, पन थोडी येडी हाय."

वेडी म्हणावी अशी लक्षणं होतीही. उंच, काटकुळी, चालायची मात्र अशी की सोबत चालणाऱ्याला पळावं लागे. दर बुधवारी ती वडनेर भोलजी या गावाला जायची. तिथं त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, दोन घरं होती, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायला. जायची ऑटोनं आणि येताना निम्मी वाट पायी, कारण ऑटोवाले सीट भरल्याशिवाय हलत नाहीत आणि हिला थांबणं माहीत नव्हतं. गायची बेसूर आणि मोठ्यानं. डुकरं अंगणात शिरली की त्यांना अशा शिव्या द्यायची की चर्चचे पाळक घाईघाईनं खिडकी लावून घ्यायचे. आणि मेथीवालीशी तिचं भांडण ऐकण्यासारखं असे. मी एकदा चिडवलं, "मावशी, तुम्ही तर फुकट वाटता सगळ्यांना. मग हिच्याशी जुडीसाठी काऊन भांडता?"

"मेथी बाजारची हाय, देवाची नोय," ती म्हणाली.

बी.ए. झाले तेव्हा मी पेढे घेऊन गेले. फर्स्ट क्लास होता आणि मी तो मिरवत होते, खोटं कशाला बोलू. तिनं दोन पेढे खाल्ले, तिसरा पदरात बांधला. "कमावलं पोरी तू. मोठं कमावलं." मग मला हुरूप आला. कितीतरी दिवस मनात असलेलं विचारलं.

"मावशी, तुमच्यात म्हणे माणूस चांगलं वागून देवाजवळ नीतिमान ठरत नाही. नुसता विश्वास ठेवला की ठरतो. खरं आहे?"

"हाव."

"म्हणजे अभ्यास न करता पास?"

ती एवढी हसली की पेढ्याचा ठसका लागला. "हाव वो. तसंच हाय. मी नापासच हाओ. माह्या पेपरात काई नाई. दुसऱ्यानं पेपर सोडवला, पुरा बरोबर, अन् त्याच्यावर माह्यं नाव टाकलं."

"त्याला आमच्या कॉलेजात कॉपी म्हणतात."

"कॉपी चोरून करतेत. हे तर त्यानं सोताच देलं. मी मांगतलंही नव्हतं."

"मग चांगलं वागायचंच कशाला?"

"हे लोकं पयलेपासून इचारून राह्यले," ती म्हणाली. "तुह्या मायनं तुले कायले जवळ घेतलं? तू फर्स्ट क्लास आनशीन म्हनून? आंधी जवळ घेतलं. मंग तू आनला."

मला ते पटलं नाही. आमच्या घरात शिकवण उलटी होती: आपला उजेड आपणच व्हायचं. त्या शिकवणीनं मला शेताच्या बांधावरून कॉलेजच्या वर्गात नेलं होतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा मला संशय येतो, आजही येतो. मी डबा उचलला आणि घरी आले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या भावानं तिला गाडीनं उडवलं.

माझा धाकटा भाऊ. गाड्या दुरुस्त करण्याच्या गॅरेजवर कामाला. गिऱ्हाइकाची गाडी तपासायची म्हणून गल्लीत घेऊन आला होता, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाइल. बाई वडनेरहून परतत होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं. आम्ही तिला खामगावला नेलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी सांगितलं, काठीनं चालेल, पण पूर्वीसारखं नाही.

पोलीस विचारायला आले तेव्हा भाऊ भिंतीशी उभा होता. आई त्याच्याकडे बघतही नव्हती. बाई खाटेवरून म्हणाली, "यानंच ठोकलं. हातात मोबाइल होता. मी खोटं नाई बोलनार. पन मले तक्रार नाई द्याची." पोलीस गेल्यावर तिनं बोटानं त्याला जवळ बोलावलं. "इकडं ये बे."

तो गेला. हनुवटी छातीला टेकलेली.

"माफ केलं तुले. झालं. आता जेवाले जाय. तोंड पाह्य कसं झालं."

झालं! तिच्याकडून झालं. आमच्याकडून सुरूच व्हायचं होतं.

दवाखान्याचं सगळं आम्ही केलं, आणि गंमत म्हणजे तिनं ते मुकाट्यानं करू दिलं. आई म्हणाली, "तुमी आमाले नाई म्हनसान असं वाटलं होतं." त्यावर ती म्हणते कशी, "नाई काऊन म्हनू? हाड तुमच्या पोट्ट्यानं मोडलं, दवाखाना तुमचाच. पन ते हाडाचं झालं. माफी वायली. ते दोनी एका पोत्यात भरू नका."

आम्ही भरलंच. ती काठी टेकत खोलीवर परतली, त्या दिवसापासून भाऊ पहाटे उठून तिचं पाणी भरू लागला. आवाराच्या नळावरून हंडे आणायचे, माठ भरायचे, अंगण झाडायचं, मग गॅरेजवर जायचं. गाडीला हात लावणं त्यानं दुरुस्तीपुरतं ठेवलं, बसणं सोडलं. रविवारी तिला खुर्चीसकट उचलून चर्चच्या पायऱ्या चढवायचा आणि स्वतः बाहेर चपलांजवळ उभा राहायचा. गल्लीत नाव झालं. "पोट्टं गुनाचं हाय, बाप्पा. फेडून राह्यलं." आईची मान हळूहळू वर यायला लागली. माझीही. कोणी अपघाताचा विषय काढला की मी लगेच सांगायची, "पण तो किती करतो त्यांचं!"

तो मात्र वाळत चालला होता. बाई म्हणायची, बस. तो बसायचा नाही. ती म्हणायची, चहा पी. "नको मावशी." स्वतः भरलेल्या माठातलं पाणी त्यानं कधी पेलाभर प्यायलं नाही. घरात कोणाशी बोलणं नाही. झोपेत दचकून उठायचा.

एके सकाळी तो हंडा घेऊन गेला, तर बाई उंबऱ्यावर बसलेली. काठी दारात आडवी धरलेली. मी ओट्यावर दात घासत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"हंडा ठेव खाली."

"भरून देतो ना मावशी. गॅरेजवर उशीर होते."

"आंधी सांग. काऊन भरतं?"

त्यानं हंडा खाली ठेवला. मग म्हणाला, "माह्यानं तुमचा पाय गेला."

"म्हंजे माह्यी माफी खोटी."

"नाई मावशी, तसं नाई..."

"खोटीच त. मी तुले मोकळं केलं, अन् तू रोज सकाळी बेड्या घालून माह्या दारात येऊन उभा राहतं. माह्या माठाले आजपासून हात लावू नको. जाय."

तो हंडा तिथंच ठेवून गेला. मी तोंड न धुता गल्ली ओलांडली. मला भयंकर राग आला होता. शिकलेलं माणूस रागावलं की प्रमाण भाषेत रागावतं, तशी मी रागावले.

"मावशी, हे तुम्ही बरोबर केलं नाही. तो किती करतो, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसते ना. म्हनूनच त."

"मग एकदा त्याच्यावर रागवा तरी! चांगल्या शिव्या द्या, डुकरांना देता तशा. आम्हाला बरं वाटेल."

"तुमाले बरं वाटावं म्हनून मी रागवू?" ती हसली, पण लगेच थांबली. काठी भिंतीला टेकवून तिनं दोन्ही हातांनी ती मांडी उचलून सरळ केली. "मले राग नाई आला असं समजतं का तू? लय आला. अजूनही येते. बुधवार आला, वडनेरची वाट आठवली, का येते. मंग पुन्हा माफ करा लागते. ते माह्यं काम हाय, पोरी. ते तुमी काऊन करून राह्यले?"

मी दारात राहिलेला भावाचा हंडा उचलायला वाकले.

"माफी घ्याले हंडे नाई लागत. नुसती मान खाली घाला लागते. अन् तेच तुमच्या घरात कोनाले जमत नाई."

त्या वाक्यानं जी लाज वाटली, ती मला अजून पुरते. अपघाताची लाज वाटली होती, पण ती भावाची होती. मी त्या लाजेच्या शेजारी उभी होते एवढंच. ही माझी. बाईसमोर उभं राहून मला पहिल्यांदा दिसलं की आम्हाला तिच्या पायाचं फारसं काही नव्हतं. आम्हाला आमची मान वर करायची होती. तिच्या माफीच्या ओझ्याखालून निघायचं होतं. भाऊ हंडे वाहत होता, आणि मी त्या हंड्यांवर घरची अब्रू धुऊन वाळत घालत होते.

ते दिवस वाईट गेले. बाई स्वतः नळावर जायची, कळशीत अर्धंच पाणी घ्यायची, काठी बगलेत धरून लंगडत यायची. बायका आमच्या घराकडे बघायच्या. कोणी म्हणायचं मेट्रनबाईचं डोकं फिरलं, कोणी म्हणायचं आमच्या पोरानं सोडून दिलं. आई म्हणाली, "यापरीस तिनं चपलीनं मारलं असतं त बरं." भाऊ त्या दारावरून जाताना भिंतीला घासून जायचा.

नाताळ आला. चर्चवर कागदी चांदणी लागली. दुपारी बाई आपल्या दारातून ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "अबे, जेवाले ये!"

आईनं त्याला ढकलूनच पाठवलं, आणि मलाही मागून. आत गेले तर तिनं त्याला चटईवर बसवलेलं. समोर ताट. करंज्या, शंकरपाळे, मटणाचा रस्सा, भात. तो ताटाकडे बघत बसलेला.

"मावशी, मले काईतरी करू द्या. निदान भांडे घासतो मंग."

"जेव."

"लाकडं फोडून देतो."

"अबे, जेव म्हनलं ना! सण हाय. रस्सा थंडा होऊन राह्यला."

त्यानं पहिला घास घेतला आणि रडायला लागला. रडत रडत जेवला. खूप जेवला. तिनं वाढलं ते सगळं खाल्लं, तिसऱ्यांदा भात मागून घेतला. त्यानं मागितलेलं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. मग तिथंच भिंतीकडं तोंड करून आडवा झाला आणि घोरायला लागला. मी त्याला उठवायला वाकले, तशी बाईनं काठीनं माझा हात अडवला.

"झोपू दे. लय दिवसाचा जागा हाय तो."

नवीन वर्ष लागल्यावर तो पुन्हा पाणी भरायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. पण आता शिट्टी वाजवत भरायचा, चहा मागायचा, तिच्या गाण्याची नक्कल करायचा. आणि चक्क विसरायचा! बाई दारातून ओरडायची, "आज भरलं नाई काय बे?" आणि हा आमच्या ओट्यावरून, "उद्या भरतो ना मावशी! आज मॅच हाय!" मला ऐकून घाम फुटायचा. ज्याच्या हातून तिचा पाय गेला, त्यानं तिला असं उत्तर द्यावं? एकदा त्याच्या बदल्यात मीच हंडा घेऊन गेले. तिनं माझ्याकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं.

"तू नको भरू."

"का? त्याचं चालतं, माझं नाही?"

"त्याचं झालं," ती म्हणाली. "तुह्यं अजून व्हाचं हाय." आणि हसून वर म्हणाली, "घाई नाई. बस, चहा टाकतो."

मी बसले. चहा प्यायले. कप घासायला उठले, तर तिनं नुसती भुवई उचलली. मी परत बसले.

ती उन्हाळ्यात गेली. आजार असा नव्हता. सकाळी उठली नाही, एवढंच.

त्यांच्यात पुरतात. कब्रस्थान गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे, जमीन उन्हानं दगडासारखी झालेली. लोणारहून तिच्या दोन भाच्या आल्या होत्या. त्यांच्यासाठी निंबाखाली सतरंजी टाकली होती. मंडळीतली चार-सहा माणसं खोदत होती. भाऊ गेल्या गेल्या त्यांच्यात घुसला आणि एकाच्या हातातली कुदळ घेतली. मी फाटकाजवळ आईसोबत उभी होते. तो खोदत होता आणि मला बरं वाटत होतं. म्हटलं, शेवटचं तरी ह्याच्या हातून होतंय. लोक बघताहेत.

थोड्या वेळानं मंडळीतला एक म्हातारा म्हणाला, "दे इकडं, बावा. थकला असशीन."

आणि त्यानं देऊन टाकली. एकदाही नाही न म्हणता. खड्ड्यातून वर आला, निंबाखाली गेला आणि भाच्यांच्या सतरंजीच्या कडेला बसला. मोठी भाची सरकली, त्याला नीट जागा करून दिली. तो गुडघ्यात डोकं घालून "मावशी, मावशी" करत मोठ्यानं रडायला लागला, घरचं माणूस गेल्यावर रडतात तसा.

मी तोवर निघालेच होते. चार पावलं टाकलीही होती त्याला सांगायला, की ऊठ, थोडं अजून खोद, एवढ्यात काय बसतो. त्याचा आवाज ऐकून थांबले. खड्डा एका बाजूला, सतरंजी दुसऱ्या बाजूला, आणि मी मधे उन्हात. धाकट्या भाचीनं मला पाहिलं. ओळखलं की नाही, माहीत नाही. तिनं आपल्या शेजारची जागा हातानं झटकली आणि मला यायची खूण केली.

मी गेले नाही अजून. म्हणजे त्या दिवशी गेले, बसले, सगळ्यांसोबत माती टाकून परतही आले. पण आजही, कोणी अशी जागा झटकून देतं तेव्हा आधी माझे हात काहीतरी काम शोधायला लागतात, आणि समोरचं माणूस तेवढा वेळ हात पुढं करून ताटकळत राहतं.